संगणकाची छाटणी १९७० ला झाली: टाइमस्टॅम्पवरून तारीख कशी काढायची

२०२३ ची दिवाळी सरून दहा-बारा दिवस झाले होते. रविवारी सकाळी तासगावकडचे आमचे दाजी सांगलीत, विश्रामबागेत माझ्या दारात हजर. चहा यायच्या आतच खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पाहुणं, ह्या आकड्यांचं काय लोणचं घालू?"

दाजींनी द्राक्षबागेत हवामान यंत्र बसवलंय. तापमान, आर्द्रता, पाऊस, पानांवरची ओल, सगळं दर पंधरा मिनिटांनी नोंदवतं. मोबाइलवर ते छान दिसतं. पण सल्लागाराने महिन्याभराची पूर्ण फाइल मागितली, यांनी ती उतरवून घेतली, आणि बघतात तर तारखेच्या रकान्यात तारीखच नाही. एका ओळीत १६९९९९९२००, तिच्या खालच्या ओळीत १७०००००१००, त्याखाली आणखी ९०० ने मोठा. "बेदाण्याचा भावसुद्धा इतका सरळ चढत नाही," दाजी म्हणाले.

मी विचारलं, "बाग किती दिवसांची झाली?"

"बावन्न."

बघा, कॅलेंडरकडे न बघता उत्तर आलं. सांगली जिल्ह्यातला कुठलाही बागायतदार असाच बोलतो. छाटणीचा दिवस धरायचा आणि तिथून मोजत जायचं. डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) कितव्या दिवशी, थिनिंग (मणी विरळ करणं) कितव्या दिवशी, सगळा हिशेब त्या एका तारखेपासून. संगणकही तेच करतो. त्याची छाटणी झाली १ जानेवारी १९७० ला, गुरुवारी, आंतरराष्ट्रीय वेळेप्रमाणे मध्यरात्री बारा वाजता. फरक एवढाच की तो दिवस मोजत नाही, सेकंद मोजतो. या मोजणीला युनिक्स टाइम म्हणतात आणि त्या आकड्याला टाइमस्टॅम्प.

हे डोक्यात बसलं की तीनच प्रश्न उरतात: मोजमाप कशाचं, छाटणी कधीची आणि घड्याळ कुठल्या गावचं. तिसऱ्या प्रश्नात मी स्वतः आपटलो, ते पुढे सांगतो.

पायरी १: अंक मोजा

सूत्र वगैरे नंतर. आधी बोट ठेवून अंक मोजा.

१० अंक असतील तर ते सेकंद. ९ सप्टेंबर २००१ ला सकाळी आपल्याकडे ७ वाजून १६ मिनिटं ४० सेकंद झाले, तेव्हा हा आकडा पहिल्यांदा १० अंकी झाला आणि २२८६ सालापर्यंत तो १० अंकीच राहणार आहे. म्हणजे आपल्या हयातीत ही खूण चुकायची नाही.

१३ अंक असतील तर मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मोबाइल ॲप आणि वेबसाइटवाल्यांची ही आवडती सवय. १००० ने भागा आणि पुढे चला. १६ अंक मायक्रोसेकंदांचे, त्यांना १० लाखांनी भागायचं. १९ अंकी आकडा क्वचित भेटतो, तो नॅनोसेकंदांचा, १०० कोटींनी भागायचा.

ही पायरी चुकली तर काय दिसतं तेही सांगून ठेवतो. सेकंदांना मिलिसेकंद समजून भागलंत तर सगळ्या नोंदी १९७० च्या जानेवारीत, २० किंवा २१ तारखेला जाऊन बसतात. उलट मिलिसेकंदांना सेकंद समजलात तर पन्नास हजारांच्या पुढचं साल येतं, आणि एक्सेल तर तारीख न दाखवता नुसत्या ##### अशा जाळ्या दाखवतं. रकाना कितीही रुंद करा, त्या जात नाहीत. या दोन खुणा दिसल्या की दुसरीकडे कुठे चूक शोधू नका, अंक पुन्हा मोजा.

पायरी २: कोटीत अंदाज घ्या

ही पायरी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, पण रोज वापरतो. इंग्रजीतले बिलियन विसरा आणि आकडा आपल्या पद्धतीने कोटीत वाचा. १७०००००००० म्हणजे १७० कोटी सेकंद. एक कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ ११६ दिवस, आणि एक वर्ष म्हणजे सव्वातीन कोटींपेक्षा थोडं कमी, ३ कोटी १५ लाखांच्या आसपास.

आता खुणेचे दगड लक्षात ठेवा. १६० कोटी झाले १३ सप्टेंबर २०२० ला संध्याकाळी. १७० कोटी झाले २०२३ च्या भाऊबीजेला पहाटे. १७५ कोटी १५ जून २०२५ ला रात्री, आणि १८० कोटी होतात १५ जानेवारी २०२७ ला, दुपारी बरोबर दीड वाजता. एवढ्यावर कुठलाही आकडा बघून साल आणि साधारण महिना तोंडी सांगता येतो. फाइलीत मधेच एखादा ९४ कोटींचा आकडा दिसला, तर ते २००० सालाच्या आगेमागचं आहे आणि यंत्राचं डोकं फिरलंय, हे सूत्र न लावताच कळतं.

पायरी ३: एकदा तरी हाताने करा

कॅल्क्युलेटर घ्या, पण तारीख काढणारं संकेतस्थळ उघडू नका. एकदाच करायचंय. १७० कोटीच घेऊ, सोपा आकडा आहे.

पहिल्यांदा भारतीय वेळेचे साडेपाच तास मिळवा. साडेपाच तास म्हणजे १९८०० सेकंद. बेरीज आली १७०००१९८००. दिवसाचे सेकंद ८६४००. भागाकार केला तर पूर्ण दिवस येतात १९६७६ आणि बाकी राहते १३४००. या बाकीत ३ तास, म्हणजे १०८०० सेकंद, बसतात. उरले २६००, म्हणजे ४३ मिनिटं आणि २० सेकंद. वेळ मिळाली: पहाटेचे ३:४३:२०.

आता १९६७६ दिवसांची तारीख. १९७० पासून २०२२ संपेपर्यंत वर्षं झाली ५३. गुणिले ३६५, १९३४५. या काळात लीप वर्षं आली १३ (१९७२ पासून २०२० पर्यंत, दर चार वर्षांनी), म्हणून १९३५८. हा झाला १ जानेवारी २०२३. १९६७६ मधून वजा केला, उरले ३१८. ऑक्टोबर संपेपर्यंत ३०४ दिवस होतात, उरले १४. एक नोव्हेंबरच्या पुढे १४ दिवस, म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३.

वार हवा असेल तर १९६७६ ला ७ ने भागा, बाकी ६. सुरुवात गुरुवारची, गुरुवारपुढे सहा दिवस बुधवार. २०२३ ची भाऊबीज बुधवारीच होती, कॅलेंडर काढून बघा.

लीप सेकंदाबद्दल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदाबद्दल, ऐकलेलं असतं, म्हणून एखादा विचारतोच. युनिक्स टाइम तो सेकंद मोजतच नाही, त्याचा प्रत्येक दिवस ८६४०० चाच. तुमच्या हिशेबाला त्याने काही फरक पडत नाही.

पायरी ४: एक्सेलमध्ये

महिन्याभराच्या फाइलीत तीन हजारांच्या आसपास ओळी असतात, त्या काही हाताने व्हायच्या नाहीत.

मूळ आकड्याच्या रकान्याला हात लावायचा नाही. हे आधी. तारीख शेजारच्या नव्या रकान्यात काढायची. मूळ आकडा शाबूत असेल तर कितीही घोळ झाला तरी परत येता येतं. तो पुसला की घोळच कायमचा.

आकडे ए रकान्यात दुसऱ्या ओळीपासून आहेत असं समजा. शेजारच्या सेलमध्ये हे टाका:

=(ए२+१९८००)/८६४००+२५५६९

इथे अक्षर आणि आकडे मराठीत छापलेत, कीबोर्डवर मात्र दोन्ही इंग्रजीच टाइप करा. किंवा ए२ टाइप करण्याऐवजी त्या सेलवर सरळ क्लिक करा. आकडा १३ अंकी असेल तर ए२ च्या जागी ए२/१००० येईल. एंटर मारल्यावर ४५२४५.१५५ असलं काहीतरी दिसेल, दचकू नका. कंट्रोल धरून १ दाबा, कस्टममध्ये जा आणि तारीख-वेळेचा साचा निवडा. मी नेहमी दिवस-महिना-चार अंकी वर्ष आणि पुढे २४ तासांची वेळ ठेवतो. मग सेलचा खालचा कोपरा धरून शेवटपर्यंत ओढा. गूगल शीट्समध्येही हेच सूत्र जसंच्या तसं चालतं.

२५५६९ कुठून आला? एक्सेलची छाटणी वेगळी आहे, १९०० सालची, आणि ते सेकंद नव्हे तर दिवस मोजतं. त्याच्या मोजणीत १ जानेवारी १९७० हा २५५६९ वा दिवस येतो. गंमत म्हणजे एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतंच. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली आणि आजतागायत सांभाळली. मार्च १९०० नंतरच्या तारखांना त्याचा उपद्रव नाही. काही जुन्या मॅकवरच्या फाइलींत मोजणी १९०४ पासून असते; तारखा चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या तर कारण हेच.

सीएसव्ही फाइलीची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीची, एक खोड इथेच सांगतो. १३ अंकी आकडा एक्सेलमध्ये उघडला की तो १.७ई+१२ असा दिसतो. आत आकडा पूर्ण असतो. पण तसाच सेव्ह करून पुन्हा सीएसव्ही केलात की फाइलीत ते १.७ई+१२ च जातं आणि सगळ्या ओळींची वेळ एकच होऊन बसते. म्हणून उघडल्या उघडल्या तो रकाना निवडून नंबर करा, दशांश शून्य ठेवा, आणि फाइल एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह करा. पेनड्राइव्हवरची मूळ प्रत तशीच राहू द्या.

पायरी ५: साडेपाच तास

आता माझी चूक.

त्या रविवारी मी दाजींची फाइल घेतली आणि घाईत १९८०० न मिळवताच सूत्र ओढलं. तारखा आल्या, वेळा आल्या, सगळं कसं झकास. पानांच्या ओलीचा आलेख काढून दाखवला. दाजींनी चष्मा वर केला, एका ओळीवर बोट ठेवलं. १४ नोव्हेंबर, रात्री दहा, पान ओलं.

"पाहुणं, पाडव्याला रात्री दहाला मी बागेतच होतो. रात्रीची लाइट होती, मोटर चालू करायला गेलो होतो. पान खडखडीत कोरडं."

यंत्र बिघडलं असेल, असं मी बोलणारच होतो. मग दिवा पेटला. ती ओळ १६९९९९९२०० ची होती. आंतरराष्ट्रीय वेळेप्रमाणे पाडव्याच्या रात्रीचे दहा, पण आपल्या घड्याळात भाऊबीजेच्या पहाटेचे साडेतीन. पहाटेच्या दवाने पान ओलं झालेलं. यंत्र बरोबर, दाजी बरोबर, चुकलो होतो मी.

टाइमस्टॅम्पमध्ये गाव नसतं. तो सगळ्या जगात एकच असतो. सांगलीत, लंडनमध्ये, टोकियोत एका क्षणी एकच आकडा. गाव येतं ते तारीख काढताना. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरची, आंतरराष्ट्रीय वेळेच्या साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड आपल्याकडे नाही, म्हणून वर्षभर तेच १९८०० मिळवायचे. युरोप-अमेरिकेतल्यांना हे सुख नाही.

नुसती वेळ सरकली असती तर निभावलं असतं. खरा घोटाळा तारखेचा आहे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यातल्या सगळ्या नोंदी आदल्या दिवसाच्या नावावर जातात. आणि डाऊनीसाठी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) बागायतदार ज्या ओलीकडे डोळे लावून बसतो, ती नेमकी याच वेळातली. पाऊस रात्री दोनला पडला तर तो कालच्या खात्यावर. फवारणीचा निर्णय त्यावर घेतलात तर दिवस चुकला. एक्सपोर्टचा माल असेल तर शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत सोडायच्या दिवसांचा हिशेबही तारखेवरच चालतो.

अशी चूक पकडायची सोपी युक्ती सांगतो, दाजींसारखा साक्षीदार प्रत्येकाच्या घरी नसतो म्हणून. यंत्रात सूर्यप्रकाशाचा सेन्सर असेल तर निरभ्र दिवसाचा आलेख काढा. सांगली त्या ८२.५ अंशाच्या बरीच पश्चिमेला, जवळजवळ ७४.६ अंशावर, म्हणून आपल्याकडे सूर्य बाराला नव्हे तर साडेबाराच्या आगेमागे माथ्यावर येतो. आलेखाचं टोक तिथे असेल तर ठीक. टोक सकाळी सातला दिसत असेल तर साडेपाच तास मिळवायचे राहिलेत. संध्याकाळी सहाला दिसत असेल तर दोनदा मिळवलेत. एकदा यंत्राने, एकदा तुम्ही. हे दुसरं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, कारण काही यंत्रं स्थानिक वेळच सेकंदात कोंबून देतात. नियमाने ते चूक आहे, पण देतात. सेन्सर नसेल तर तापमान बघा: सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या सुमाराला यायला हवं.

रोजचा पाऊस जुळत नाही अशीही तक्रार असते. तुमचं सगळं बरोबर असूनही हवामान खात्याच्या आकड्याशी बेरीज जुळत नाही, कारण त्यांचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज जाहीर झालेला पाऊस म्हणजे काल साडेआठ ते आज साडेआठ. त्यांच्याशी ताळा करायचा असेल तर बेरजेपुरतं सूत्रात १९८०० च्या जागी ७५६०० घाला आणि फक्त पूर्णांक ठेवा. मग पिव्हट टेबलमध्ये (एक्सेलमधली गटवार बेरजेची सोय) त्या पूर्णांकावर बेरीज करा. ती वेळ म्हणून वाचू नका, तारखेचा कप्पा ठरवण्यापुरतीच आहे.

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधली किंवा इतर कुठली पोरं हे प्रोग्रॅममधून करणार असतील, तर एवढंच: पायथॉनमधलं फ्रॉमटाइमस्टॅम्प, मायएसक्यूएलमधलं फ्रॉम-युनिक्सटाइम, ही फंक्शन तुम्ही काही सांगितलं नाही तर त्या मशीनवर किंवा त्या जोडणीत लावलेली वेळ धरतात. तुमच्या लॅपटॉपवर तारीख बरोबर येते आणि भाड्याच्या सर्व्हरवर साडेपाच तास मागे जाते, कारण सर्व्हर बहुधा आंतरराष्ट्रीय वेळेवर असतो. टाइमझोन स्पष्ट लिहा, आशिया-कोलकाता.

आकडा कशातच बसत नसेल तर

तर छाटणीची तारीख वेगळी असेल. १८ अंकी आणि १३ ने सुरू होणारा आकडा विंडोजचा. त्याची मोजणी १ जानेवारी १६०१ पासून आणि एकक सेकंदाचा एक कोटीवा भाग. एक कोटीने भागा, त्यातून ११६४४४७३६०० वजा करा, की आपला नेहमीचा टाइमस्टॅम्प मिळतो. (एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं लक्षात ठेवतं, शेवटचे तीन अंक शून्य होतात; आपल्या कामाला चालतं.) सत्तर-ऐंशी कोटींच्या घरातला ९ अंकी आकडा ॲपलच्या फोनमधून आलेला असू शकतो, त्यांची मोजणी १ जानेवारी २००१ पासून. त्यात ९७८३०७२०० मिळवा.

आणि काही ओळी १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० च्या आसपास दिसल्या तर? लाइट गेली, आतली बटण-बॅटरी संपलेली होती, यंत्र शून्यापासून जागं झालं. या ओळी फेकू नका. नेटवर्क मिळून वेळ दुरुस्त झाली ती पहिली ओळ शोधा. नोंदी दर ९०० सेकंदांनी होत असतील तर तिच्या आदल्या ओळीची खरी वेळ तिच्यापेक्षा ९०० ने कमी. जो फरक निघेल तो वरच्या सगळ्या बिघडलेल्या ओळींत मिळवा. आणि बॅटरी बदला, शंभर रुपयांच्या आतलं काम आहे.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे: १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७. जुन्या धाटणीच्या ३२ बिटांच्या यंत्रांत २१४७४८३६४७ च्या पुढे आकडा मावत नाही, पुढच्याच सेकंदाला ती १९०१ च्या डिसेंबरात जातात. आज लावलेली बाग तेव्हा म्हातारी का होईना, उभी असेल. ठिबकचं ऑटोमेशन घेताना विक्रेत्याला २०३८ बद्दल विचारा. तो गोंधळला तर कंपनीला फोन लावायला सांगा.

दाजींची फाइल त्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त झाली. तारखेचा रकाना त्यांना दाखवला, तर म्हणाले, "तारीख कशाला, दिवस सांगा की." मग आणखी एक रकाना केला: तारखेतला पूर्णांक घेतला आणि त्यातून ४५२०४ वजा केले. त्यांची छाटणी ५ ऑक्टोबरची, एक्सेलच्या मोजणीत तो ४५२०४ वा दिवस. दाजींनी पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: एक्केचाळिसावा दिवस, पहाटे साडेतीन, पान ओलं.

"आता कसं," म्हणाले, आणि गार झालेला चहा उचलला.